वाचनालयास माणूस पाहिजे

वाचनालयाला ग्रंथपाल असतो हे सर्वांस ठाऊक असते. त्याला खुर्ची असते, टेबल असते, आणि वार्षिक सभेत आभार मानताना त्याचे नाव न चुकता घेतले जाते. पण आपण मागितलेले पुस्तक पाच मिनिटांत ज्याच्यामुळे हाती पडते, त्याचे नाव विचारण्याची चाल आपल्याकडे नाही. कोणी त्याला शिपाई म्हणतो, कोणी सेवक म्हणतो, आणि बहुतेक मंडळींचे काम नुसत्या ‘अरे’वर भागते.

मी गाणे शिकविणारा मनुष्य. वाचनालयाच्या कारभारावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की, माझे वडील दरबारच्या कलावंतांत तबल्याच्या साथीला होते, आणि साथीदाराच्या घरात वाढलेल्या माणसाला मागे बसणाऱ्यांची कदर जरा अधिक असते. जुन्या मैफलींच्या आठवणी निघाल्या की लोक गवयाचे नाव सांगतात, राग सांगतात, कोणत्या दिवाणखान्यात बैठक झाली तेही सांगतात. ठेका कोणी धरला होता ते फारसे कोणी सांगत नाही. ठेका हलला असता तर मात्र ते नाव सर्वांच्या लक्षात राहिले असते!

दुसरे कारण असे की, आमच्या बाजूच्या एका जुन्या मराठी वाचनालयाच्या समितीवर मी आहे, आणि गेल्या वर्षी तेथे एका माणसाची नेमणूक करण्याचा प्रसंग आला. सर्व सभासद ज्यांना मामा म्हणत ते गृहस्थ पायाच्या दुखण्याने घरी बसले. झाडलोट, पुस्तके काढून देणे, परत आलेली जागी लावणे, फाटलेली चिकटविणे, वर्तमानपत्रे दांड्यांना अडकविणे, वर्गणीसाठी घरोघर जाणे, ही सगळी कामे मामांची. ते गेल्यावर दोनच महिन्यांत वाचनालयाची अशी अवस्था झाली की, यादीत असलेले पुस्तक कपाटात नाही, आणि कपाटात आहे त्याचा यादीत पत्ता नाही. ज्याची जागा चुकली ते पुस्तक हरवलेलेच समजावे. चोरीला गेलेले निदान कोणीतरी वाचील.

हे बडोद्यात व्हावे याचे वाईट अधिक वाटते. कारण वाचनालयासाठी माणसे तयार करावी लागतात ही गोष्ट हिंदुस्थानात प्रथम कोणी ओळखली असेल, तर ती आपल्या या शहराने. १९०६ साली सयाजीराव महाराजांनी प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचे केले. शिकलेला मुलगा शाळा सुटल्यावर वाचावयास काही नसले तर अक्षरे विसरून जातो, हे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्यांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास न्यू हेवनहून बोलावून आणले. बोर्डन येथे तीनच वर्षे राहिले. तेवढ्या अवधीत मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली, पुस्तकांच्या वर्गीकरणाची बडोद्याची अशी स्वतंत्र पद्धत तयार झाली, आणि १९११ मध्ये ग्रंथालयाच्या कामाचा शिक्षणवर्ग सुरू झाला. या देशातला तो असा पहिला वर्ग मानतात. पुढच्याच वर्षी येथून इंग्रजी, गुजराती व मराठी अशा तीन भाषांत ग्रंथालयविषयक नियतकालिकही निघू लागले. महाराजांनी स्वतःच्या संग्रहातील हजारो पुस्तके या ग्रंथालयास दिली हे सर्वजण अभिमानाने सांगतात. ती वाहून आणून, पुसून, क्रमांक घालून मांडणारे हात कोणाचे होते, ते सांगणारा कोणी भेटत नाही.

फिरत्या ग्रंथालयाचेच पाहा. लाकडी पेट्यांत निवडक पुस्तके भरून त्या खेडोपाडी पाठवावयाच्या, आणि एका गावाचे वाचून झाले की पेटी परत आणून दुसरी धाडावयाची, अशी ती योजना. कल्पना बोर्डन यांची, आश्रय महाराजांचा, आणि गावोगावी वाचनाची गोडी लावण्याचे श्रेय मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कळकळीच्या माणसांचे. हे सर्व खरेच आहे. तरी प्रत्येक पेटीत कोणती पुस्तके गेली याची नोंद करणारा, पेटीला कुलूप लावणारा, ती स्टेशनावर पोचविणारा, आणि परत आल्यावर त्यातले एखादे पान फाटले आहे काय ते पाहणारा असा कोणीतरी होताच. त्याने आळस केला असता तर ती योजना कागदावरच राहिली असती.

मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात ज्यांनी काचेच्या जमिनीवरून पाऊल टाकले आहे त्यांना मी काय म्हणतो ते चटकन कळेल. लोखंडी मांडण्यांचे मजले एकावर एक, आणि मधली जमीन काचेची, अशासाठी की वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत झिरपावा. बांधणाऱ्याने कोणाचा विचार केला होता? वाचक तर टेबलाशी बसलेला. मांडण्यांच्या बोळात उभा राहून पुस्तकाच्या पाठीवरचा क्रमांक वाचतो तो सेवकच की!

असो. आमच्या वाचनालयाच्या समितीत या नेमणुकीवरून तीन सभा झाल्या. पहिल्या सभेत ठरले की पगारी माणूस नकोच, सेवानिवृत्त सभासदांनी आळीपाळीने काम पाहावे. सूचना उदात्त होती. पहिला आठवडा उत्साहात गेला. दुसऱ्या आठवड्यात एका गृहस्थांच्या नातवाची मुंज निघाली, दुसऱ्यांना पुण्यास जावे लागले, आणि तिसऱ्यांनी आपल्या मताप्रमाणे कादंबऱ्यांचे कपाट नव्याने लावले. बिनपगारी माणसाला जाब विचारता येत नाही, ही त्यातली खरी अडचण. दुसऱ्या सभेत कंत्राटदाराकडून माणूस घ्यावा असे निघाले. म्हणजे आज एक, उद्या दुसरा. मी म्हटले, “तबलजी रोज नवा बसविला तर गवयाने काय गावे?” अध्यक्ष हसून म्हणाले, “मास्तर, इथे गाणे नाही चाललेले.” पण कंत्राटाची गोष्ट तेथेच राहिली.

शेवटी जाहिरात लावली आणि निवडीचे काम तिघांवर सोपविले, त्यांत मी एक. तोंडी प्रश्न विचारण्यावर माझा भरवसा नाही. शिष्य घेताना मी त्याला ‘किती राग येतात’ असे विचारीत नाही, षड्ज लावावयास सांगतो. त्याच न्यायाने आम्ही टेबलावर पंचवीस पुस्तके ठेवली आणि प्रत्येक उमेदवारास एवढेच सांगितले की, ही कपाटात आपापल्या जागी लावा.

बाहेरच्या माणसाला हे सोपे वाटेल. पण मराठी पुस्तके लेखकाच्या आडनावाने लावावयाची, आणि मुखपृष्ठावर आधी नाव छापलेले. ‘क्ष’ हा ‘क’च्या पोटात धरावयाचा की ‘ह’ नंतर? ‘ज्ञ’चे काय? अनुस्वार असलेले आडनाव आधी की नंतर? ज्या वाचनालयाने जो नियम धरला असेल तोच शेवटपर्यंत पाळावा लागतो, नाहीतर दोन माणसे दोन ठिकाणी पुस्तक ठेवतात आणि तिसऱ्याला ते सापडत नाही. त्यातून आमच्या कपाटांत मराठीच्या शेजारी गुजराती, हिंदी आणि इंग्रजी. गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नाही, इंग्रजीचा क्रम निराळा. संगीताची पुस्तके ७८० या वर्गांकाखाली येतात, ती कथा-कादंबऱ्यांत जाऊन बसली म्हणजे मला कसे वाटत असेल ते वाचकांनीच ओळखावे.

पहिला उमेदवार पदवीधर होता आणि ग्रंथालयशास्त्राचे प्रमाणपत्रही त्याच्यापाशी होते. रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेली पाच सूत्रे त्याने घडाघड सांगितली. मात्र कपाटातून पुस्तक काढताना त्याने बोट पाठीच्या वरच्या टोकात अडकवून खसकन ओढले. शंभरांतली बरीच पुस्तके पाठीशी फाटतात ती याच ओढण्याने. शेजारची दोन पुस्तके किंचित आत ढकलावी आणि मधले दोन्ही बाजूंनी धरून काढावे, हे त्याला कोणी शिकविले नव्हते. दुसरा एक धट्टाकट्टा मुलगा होता, मनाचा सरळ, पण ‘वाचावयाचे काम असेल तर नको’ असे त्याने स्वतःच सांगून टाकले.

तिसऱ्या आल्या त्या चाळिशीच्या एक बाई. नववीपर्यंत शिकलेल्या. जाहिरातीत दहावी लिहिली होती, तरी अर्ज आणला होता. पंधरा वर्षे एका बाइंडराकडे फर्मे घड्या घालण्याचे आणि शिवण्याचे काम केलेले. त्यांनी पुस्तके आधी भाषावार वेगळी केली. मग क्रमांक वाचून लावू लागल्या. वेळ इतरांपेक्षा जास्त लागला. दोन पुस्तकांपाशी अडल्या आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, “साहेब, या पुस्तकाची जागा हीच, पण ते उंच आहे, मावत नाही. आडवे ठेवू, की पाठ खाली करून? तोंड खाली करून ठेवले तर आतली शिलाई सुटेल.”

हे वाक्य ऐकल्यावर माझ्यापुरती निवड झाली होती. पाने स्वतःच्या वजनाने खाली लोंबतात आणि पुठ्ठ्यातून सुटतात, हे त्या कामाने शिकल्या होत्या. शिवाय अडले तेथे थांबून विचारणे हा गुण प्रमाणपत्रात मिळत नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहा मुलांत एखाद्यालाच तो असतो.

मग हरकती निघाल्या. बाईमाणसाने शिडीवर कसे चढावे? (घरात माळ्यावरचे डबे कोण काढते, हे कोणी विचारले नाही.) रात्री आठाला बंद करून घरी कसे जावे? नियमात दहावी आहे त्याचे काय? नियमाची हरकत खोटी नव्हती. जाहिरात वाचून नववी झालेली आणखी चार माणसे घरीच बसली असतील, असे एक सदस्य म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे न्यायाचे होते. त्यावर तोडगा निघाला तो असा की, ‘दहावी अथवा कामाचा अनुभव’ अशी दुरुस्त जाहिरात पुन्हा पंधरा दिवस लावावी. त्याप्रमाणे झाले. आणखी तिघे आले, त्यांचीही तीच परीक्षा घेतली, आणि निवड बाईंचीच झाली.

पण खरा वाद यानंतरचा, तो पगाराचा. मामांना शेवटपर्यंत जे मिळे त्याला समिती ‘मानधन’ म्हणत असे. हा शब्द मला पूर्वीपासून खटकतो. गवयाला बिदागी देतात, ती एका बैठकीची. जो रोज सकाळी कुलूप काढतो त्याला पगार द्यावयाचा असतो, आणि तो सरकारने ठरविलेल्या किमान वेतनाहून कमी देण्याची सवलत सरस्वतीच्या मंदिरालाही नाही. ग्रंथालयाचे कायदे मद्रासला १९४८ साली, महाराष्ट्रात १९६७ साली आणि आपल्या गुजरातेत २००१ साली झाले. तरी कायदा झाला म्हणून माळ्यावर चढणाऱ्याच्या घरी चूल पेटते असे नव्हे. महाराष्ट्रातील अनुदानित वाचनालयांचे सेवक कित्येक वर्षे वेतनश्रेणी मागत आहेत हे आपण वाचतोच.

आमच्या समितीचे म्हणणे, पैसा नाही. हिशेब पाहिला तेव्हा दोन समारंभांचे मंडप, नारळ-शाली आणि जेवणे यांवरचा खर्च डोळ्यांत भरला. एक समारंभ कमी करावा, दुसऱ्यात शाल देऊ नये, आणि वर्गणी थोडी वाढवावी, असे मी सुचविले. पहिल्या दोन गोष्टी मंजूर झाल्या. वर्गणीवरून दोन जुने सभासद रागावले. त्यांतले एक अजून माझ्याशी बोलत नाहीत. बाईंना सहा महिन्यांसाठी पूर्ण पगारावर नेमले आहे आणि पुढचे तेव्हा पाहू असे ठरले आहे. ते ‘तेव्हा’ येत्या पाडव्याच्या सुमारास येईल. शिल्लक पाहिली तर तोवरची तजवीज आहे, त्यापुढची नाही. ज्या घरांत चार पिढ्यांपासून या वाचनालयाची पुस्तके येत आली, त्या घरांतल्या मंडळींनी ही गोष्ट माहीत करून घ्यावी म्हणून येथे लिहिली.

बाई सध्या एकेक कपाट रिकामे करून दाखल नोंदवहीशी ताडून पाहत आहेत. कोरड्या फडक्याने पुसतात, ओले लावू देत नाहीत. कसर लागलेली पुस्तके वेगळ्या खोक्यात काढतात, आणि खळीत मोरचूद घातल्याशिवाय चिकटवावयास हात लावीत नाहीत. वाचक पुस्तक मागावयास आला की शिडीवरूनच “थांबा काका, आलेच” असे म्हणतात. आता काम संगीताच्या कपाटाशी आले आहे. तेथे स्वरलिपीचे एक जुने पुस्तक निघाले. मौलाबक्षांची गायनशाळा येथे १८८६ साली निघाली, तिच्या वळणाचे ते दिसते. पाने सगळी आहेत, पण सुटी झाली आहेत. बाई म्हणतात, शिवता येईल, फक्त चांगला दोरा आणि दाभण पाहिजे. दोऱ्याच्या खर्चाचा विषय येत्या रविवारच्या सभेपुढे आहे.