दूध सापाने मागितले होते का?

‘सापाला दूध पाजणे’ हा वाक्प्रचार आपण कृतघ्न माणसासाठी वापरतो. मी कवी माणूस, शब्दांवर माझा जीव. पण या शब्दांत सापावर अन्याय आहे. दूध त्याने मागितले कधी?

श्रावणात आमच्या पारशिवनीला पूर्वी गारुडी यायचे. टोपलीतला नाग वाटीतले दूध प्यायचा आणि बायाबापड्या हात जोडायच्या. तो प्यायचा ते तहानेने. कित्येक दिवस त्याला अन्नपाण्यावाचून ठेवलेले असे. विषदंत उपटलेले, काहींचे तर तोंडही दोऱ्याने शिवलेले. दूध पचवण्याची सोय सापाच्या पोटात नसते. ते श्वासनलिकेत गेले तर फुफ्फुसे सुजून तो मरतो. गारुड्याचे पोट त्या टोपलीवर होते, हेही खरे; पण टोपलीतल्या जिवाचे हाल त्यामुळे कमी होत नव्हते.

आमच्याकडच्या एका सर्पमित्राने असाच एक नाग वन विभागाच्या हवाली केला. कातडीला सुरकुत्या, पाठीचा कणा वर आलेला, डोळे खोल गेलेले, तोंडात पू. अशा सापाची शुश्रूषा कशी करतात, ते मी त्याला खोदून खोदून विचारले.

पहिले औषध म्हणजे ऊब. साप स्वतःच्या शरीरात आपल्यासारखी उष्णता तयार करत नाही. त्याचे पचन आणि रोगाशी लढण्याची ताकद भोवतालच्या उबेवर चालते. नागाला साधारण 28 ते 32 अंश तापमान मानवते. म्हणून पेटीची एक बाजू उबदार आणि दुसरी थोडी थंड ठेवतात. कुठे बसायचे ते त्याचे त्याने ठरवायचे. आपल्याकडे डिसेंबरात दिव्याची ऊब द्यावी लागते, तर मे महिन्यात उन्हापासून जपावे लागते.

दुसरे औषध पाणी. फार सुकलेल्या सापाला पशुवैद्य सलाइन देतात. तोंडाचे टाके भूल देऊन काढतात, जखम धुतात, जंतुनाशक औषध देतात. जुनी कात अंगाला चिकटली असेल, तर ती ओढायची नाही. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावरचे पारदर्शक खवलेही कातीबरोबरच निघते. ओढाताण केली तर डोळा जातो. ओलसर जागा दिली की कात हळूहळू सुटते.

अन्न सगळ्यांत शेवटी, आणि तेही थोडे. उपाशी सापाला एकदम मोठा उंदीर दिला, तर तो पचत नाही, उलटून पडतो. तसे झाले की पुन्हा काही दिवस थांबायचे. एरवी अंधारे मडके द्यायचे आणि त्याला एकटे सोडायचे. गोंजारणे ही आपली गरज आहे, त्याची नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सापाचे विषदंत आयुष्यभर नव्याने येत असतात. दात काढलेला नाग निर्धोक, असे समजून कोणी जवळ जाऊ नये.

तो नाग सावरला. काही आठवड्यांनी त्याने कात टाकली, स्वतः भक्ष्य धरले, आणि मग वन विभागाने त्याला जंगलात सोडले. धानाच्या धुऱ्यावर उंदीर मारणारा नाग शेतकऱ्याच्या कामाचाच असतो.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नाग पकडणे किंवा घरी पाळणे गुन्हा आहे. म्हणून हे उपचार घरी करून पाहण्याचे नाहीत. जखमी किंवा टोपलीत कोंडलेला साप दिसला, तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. नागपुरात सेमिनरी हिल्स भागात वन विभागाचे उपचार केंद्र आहे. मदत येईपर्यंत दूर उभे राहा, गर्दी हटवा, आणि कोणी दुधाची वाटी आणलीच, तर ती एखाद्या लेकराच्या हाती द्या.