आधी गळती काढा, मग गॅस भरा



सायकलची ट्यूब रोज सकाळी बसू लागली, तर आपण नुसती हवा भरीत बसत नाही. ट्यूब काढतो, पाण्यात बुडवतो, बुडबुडे कोठून येतात ते पाहतो आणि ठिगळ लावतो. पण हीच गळती वातानुकूल यंत्रात, म्हणजे एसीत झाली, की मात्र आपण दर उन्हाळ्याला गॅस भरून घेतो आणि मुकाट्याने पैसे मोजतो.

शहापूरकडच्या माझ्या एका शेतकरी मित्राचा मुलगा ठाणे पूर्वेस कोपरीत राहतो. गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे त्याच्याकडे मुक्कामाला होतो. घरातल्या एसीत तीन उन्हाळ्यांत तीनदा गॅस भरला होता आणि यंत्र पुन्हा गार होईना. मित्र म्हणाला, "साहेब, म्हैस आटली तर कारण कळते. हा गॅस जातो तरी कोठे?"

स्टोव्हमधल्या रॉकेलसारखा हा गॅस जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. खोलीतली उष्णता घेतो आणि बाहेर टाकतो. तो कमी झाला, याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. कोपरी ठाण्याच्या खाडीलगत. खारी हवा आणि सांडपाण्याच्या नाल्यांतून सुटणारे वायू तांब्याच्या नळ्यांना खातात. कधी नळी जोडणारा फ्लेअर नटच नीट बसलेला नसतो. जोडाजवळ तेलकट डाग दिसला, तर तेथे संशय धरावा. कारण गॅसबरोबर यंत्रातले तेलही बाहेर येते.

या वेळी आलेला कारागीर मुरबाडकडचा, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकलेला तरुण होता. त्याने गॅसची टाकी उघडलीच नाही. आधी खिडक्या उघडल्या, कारण यंत्रात आर-३२ गॅस होता आणि तो पेट घेऊ शकतो. उरलेला गॅस हवेत न सोडता यंत्राने वेगळ्या टाकीत काढून घेतला.

नायट्रोजनचे काम

नंतर त्याने कोरडा नायट्रोजन नळ्यांतून सोडला. त्याने आतली हवा आणि ओल बाहेर ढकलली जाते. नळीला डाग द्यायचा असेल, तर त्या वेळीही नायट्रोजन हळू वाहता ठेवतात. नाहीतर आत काजळीसारखी काळी खपली धरते आणि पुढे बारीक नळी तुंबते.

मग दाब चढवला, तोही टप्प्याटप्प्याने: आधी चौरस इंचाला सुमारे ७० पौंड, मग २२०, आणि शेवटी यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला, म्हणजे ६०० पौंडांच्या आसपास. पहिल्याच टप्प्यात साबणाचे पाणी लावताच आतल्या युनिटच्या नटावर बुडबुडे आले. नळीचे तोंड कापून नवे केले, नट आवळला आणि पुरा दाब देऊन रात्रभर ठेवला.

सकाळी काटा ५९० वर होता. मित्राचा चेहरा पडला. कारागीर म्हणाला, "काका, काल संध्याकाळी ३२ अंश होते, आत्ता २७ आहेत. या दाबाला एका अंशामागे सुमारे दोन पौंड उतरतात. पाच अंशांचे दहा झाले. गळती नाही." हिशेब बरोबर होता.

येथे एक गोष्ट गाठीस बांधावी. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही वापरू देऊ नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले, की स्फोट होतो. असे कारागीर जिवाला मुकले आहेत. नायट्रोजनची भरलेली टाकीही सुमारे २,२०० पौंड दाबाची असते. रेग्युलेटरवाचून ती जोडू नये.

निर्वात करणे आणि भरणे

लोणच्याची बरणी आपण कोरडी करूनच भरतो. येथेही तसेच. नायट्रोजन सोडून दिल्यावर पंपाने आतली हवा ओढून घेतात. दाब इतका उतरतो, की राहिलेले पाणी साध्या उष्णतेवर उकळून वाफ होऊन निघते. मोजमाप ५०० मायक्रॉनपर्यंत आणावे, मग पंपाकडची चावी बंद करून पाहावे. काटा थोडा चढून थांबला तर आत ओल आहे. चढतच राहिला तर गळती आहे. थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलायची जुनी पद्धत टाकून द्यावी. तीत ओल राहते आणि पेटणारा गॅस घरात पसरतो.

शेवटी गॅस भरणे. यंत्राच्या पाटीवर तो किती ग्रॅम भरायचा ते छापलेले असते. टाकी काट्यावर ठेवून तेवढाच भरावा. नळी लांबवली असेल, तर पुस्तिकेप्रमाणे मीटरमागे वाढवावा. कमी पडला तर गारवा नाही आणि वीज जाते; जास्त झाला तर कॉम्प्रेसर खराब होतो. आर-४१०ए हा दोन वायूंचे मिश्रण असल्याने तो द्रवरूपातच भरतात. जुना आर-२२ ओझोनच्या थराला घातक आहे. १९८७ च्या माँट्रिअल करारानुसार आपला देश २०३० पर्यंत तो वापरातून काढत आहे.

आपल्यासाठी

अळिंबीची खोली असो की गावच्या दूध संकलन केंद्रातली शीतकरण टाकी, आतले तत्त्व हेच. गारवा गेला तर माल आणि दूध नासते. म्हणून कारागीर आला, की तीन गोष्टी विचाराव्यात: नायट्रोजन आणला का? पंप आणला का? काटा आणला का? तिन्हींना 'नाही' म्हणाला, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

आणि घरात दहावी झालेला हाताचा हुशार मुलगा किंवा मुलगी असेल, तर प्रशीतन व वातानुकूलनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम जरूर दाखवावा. मात्र नीट शिकूनच या कामात उतरावे. अर्धवट शिकून घाई केली, तर गिऱ्हाइकाचे पैसे जातात. कारागिराचा जीव जातो.