ट्रिगर दाबला, पण गोळी सुटेना!

पेंटबॉल हा रंगाच्या गोळ्या झाडण्याचा खेळ १९८१ साली अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये सुरू झाला. यातल्या बंदुकीला ‘मार्कर’ म्हणतात. इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये गोळी ढकलते ती हवा. वीज फक्त दार उघडते. ट्रिगर दाबला की सर्किटला इशारा मिळतो, सर्किट ‘सोलेनॉइड’ या विजेवर चालणाऱ्या झडपेला काही मिलिसेकंद वीज देते आणि दाबाखालची हवा सुटते.

म्हणूनच, मंडळी, मार्कर मुका झाला म्हणजे निर्धोक झाला असे समजू नका. बॅटरी संपली तरी हवा आत असतेच. आधी नळीच्या तोंडावर आवरण चढवा, गोळ्यांचा डबा काढा, हवेची बाटली सोडवा, उरलेली हवा जाऊ द्या. तोवर डोळ्यांवरचा गॉगल उतरवायचा नाही.

मग पाहायची बॅटरी. अनेक मार्करना नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. थकलेली बॅटरीही मीटरवर नऊच्या आसपास दाखवते, दिवाही लागतो. पण सोलेनॉइडने वीज ओढताच ती मान टाकते. तेव्हा नवी अल्कलाइन बॅटरी घालून पाहावे.

गोळी जागेवर आली का, हे तपासणारा इन्फ्रारेड ‘डोळा’ही अनेक मार्करमध्ये असतो. त्यावर रंग सांडला की मार्कर अडतो किंवा मंदावतो. कापसाच्या काडीने तो पुसा. त्यानंतर मुठीचे स्क्रू आवळताना चिमटलेली तार किंवा ढिला कनेक्टर शोधा.

एवढे करूनही उपयोग झाला नाही, तरच सर्किटवर संशय घ्या. महागडा भाग बदलायची पाळी सर्वांत शेवटी यावी.