धावत्या ध्वनीचा लेखाजोखा

भोंगा वाजवीत येणारे वाहन समोरून निघून जाताच त्याचा स्वर एकाएकी उतरतो, हा अनुभव आपणा सर्वांना आहे. वाहनाच्या चालकाला मात्र हा फरक जाणवत नाही; त्याच्या कानी आरंभापासून अखेरपर्यंत एकच स्वर पडत असतो. भोंगा तोच, हवाही तीच. मग एकाच ध्वनीची दोन रूपे का व्हावीत? या फरकातच वाहनाच्या वेगाची नोंद दडलेली असते आणि साध्या ध्वनिमुद्रणातून ती आपल्याला वाचता येते.

ध्वनी हवेतून लाटांच्या रूपाने पसरतो. स्रोत आपल्याकडे सरकत असेल, तर प्रत्येक पुढची लाट आधीच्या लाटेपेक्षा थोड्या जवळच्या ठिकाणाहून निघते. लाटा दाटीने येतात, वारंवारिता वाढते व स्वर चढा लागतो. स्रोत दूर जाऊ लागला की लाटा विरळ होतात व स्वर उतरतो. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ साली प्राग येथे हे तत्त्व मांडले, ते जोडताऱ्यांच्या रंगांच्या संदर्भात. ताऱ्यांच्या रंगांचे ते स्पष्टीकरण डच शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांना मान्य नव्हते. तरीही त्यांनी नुसता वाद न घालता १८४५ साली उट्रेख्टजवळच्या लोहमार्गावर प्रयोग केला. धावत्या गाडीवर तुतारीवादक बसविले आणि मार्गालगत स्वरांची पारख असलेले वादक उभे केले. ध्वनीपुरते डॉप्लर यांचे म्हणणे खरे ठरले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाहन जवळ येताना स्वर चढत जातो, असे पुष्कळांना वाटते. वास्तविक, सरळ रेषेत एकाच वेगाने येणाऱ्या वाहनाचा स्वर आरंभीच चढा असतो. वाढत जातो तो केवळ आवाजाचा मोठेपणा. स्वर तेव्हापासून उतरतच असतो : प्रथम अगदी मंदपणे, वाहन समोरून जाताना झपाट्याने आणि नंतर पुन्हा मंदपणे. श्रोता रस्त्याच्या जितका जवळ, तितका हा उतार तीव्र.

आता गणित पाहू. समजा, ध्वनिमुद्रणात येतानाची वारंवारिता ४४० हर्ट्झ व जातानाची ४०० हर्ट्झ आढळली. या दोहोंच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागावे आणि ध्वनीच्या वेगाने गुणावे. ४० भागिले ८४०, गुणिले ३४३. उत्तर येते सेकंदाला सुमारे १६.३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५९ किलोमीटर. भोंग्याचा मूळ स्वर ठाऊक नसला तरी चालते, हीच या रीतीची खुबी.

मात्र मोजणीत काही दक्षता घ्यावी लागते. ३४३ हा अंक २० अंश सेल्सिअस तापमानाचा आहे. दर अंशामागे ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. ४० अंशांच्या उन्हात वरील उत्तर ताशी ६१ किलोमीटरच्या आसपास जाईल. दुसरे असे, की भोंग्यात अनेक स्वर मिसळलेले असतात. ते सर्व एकाच प्रमाणात बदलतात. म्हणून येताना जो स्वर निवडला, त्याचाच जातानाचा अंक घ्यावा.

सर्वांत नाजूक प्रश्न आहे तो ध्वनिमुद्रणाचे तुकडे पाडण्याचा. वारंवारिता शोधण्यासाठी संगणक ध्वनीचे छोटे तुकडे करून प्रत्येकाचे पृथक्करण करतो. तुकडा ०.१ सेकंदाचा असेल, तर सुमारे १० हर्ट्झपेक्षा सूक्ष्म भेद स्पष्ट दिसत नाही. आपला सारा फरकच ४० हर्ट्झचा आहे. तुकडा १ सेकंदाचा केला, तर भेद १ हर्ट्झपर्यंत उमगतो, पण वाहन समोरून जात असेल तर तेवढ्या वेळात स्वरच पालटून जातो. म्हणून दोन्ही टोकांना, जेथे स्वर जवळजवळ स्थिर असतो तेथे लांब तुकडे घ्यावेत आणि मधल्या उतारावर आखूड.

विद्यार्थिमित्रांनी रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर उभे राहून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोबाइलवर हा प्रयोग अवश्य करावा. चालकाला ठराविक वेग राखण्यास सांगून आलेले उत्तर वेगमापकाशी ताडून पाहावे. दोन्ही अंक जुळले तर आनंदच आहे. न जुळले, तर वारा, तापमान आणि तुकड्यांची लांबी यांचा क्रमाने शोध घ्यावा. शंका वादाने नव्हे, पडताळ्याने फिटते, हा त्या लोहमार्गावरील प्रयोगाचा धडा आजही तितकाच मोलाचा आहे.