कर्ज, व्याज आणि ख्रिस्ती विवेक

लग्नसराई जवळ आली की आपल्या धर्मग्रामांत दोन प्रकारची धावपळ सुरू होते. मंडप, बँड, जेवणावळ, सभागृह यांची धावपळ सर्वांना दिसते. दुसरी मात्र कुणाला दिसत नाही. कुणी पतपेढीच्या कर्जासाठी जामीनदार शोधत असतो, कुणी पत्नीचे दागिने गहाण ठेवतो, तर कुणी अंधार पडल्यावर सावकाराच्या घरची पायरी चढतो. आजारपण, मुलांचे शिक्षण, डोक्यावरचे छप्पर यांसाठीही हेच घडते. रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपण एकमेकांची विचारपूस करतो, परंतु कर्जाचा विषय कुणी काढत नाही. म्हणूनच पवित्र शास्त्र व ख्रिस्तसभा याविषयी काय शिकवतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

कर्ज घेणे पाप आहे काय?

नाही. राजे यांच्या दुसऱ्या ग्रंथात (४:१-७) एका विधवेची कथा आहे. पती कर्ज मागे ठेवून मरण पावला आहे आणि धनको तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून नेऊ पाहत आहे. अलीशा संदेष्टा तिला दोष देत नाही. शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणण्यास तो सांगतो. घरातल्या थोड्याशा तेलाने ती सारी भांडी भरतात. मग ते तेल विकून आधी कर्ज फेडावे आणि उरलेल्या पैशांवर मुलांसह उदरनिर्वाह करावा, असे तो तिला सांगतो. या कथेत एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. परमेश्वराचा चमत्कार शेजाऱ्यांच्या भांड्यांत घडला. त्या विधवेला दारोदार जावे लागले आणि शेजाऱ्यांनीही आपली दारे लावून घेतली नाहीत.

धनकोवरील बंधने

जुन्या करारातील नियमशास्त्राचा रोख प्रामुख्याने कर्ज देणाऱ्याकडे आहे. गरीब बांधवाकडून व्याज घेऊ नये. गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत करावे, कारण रात्री तेच त्याच्या अंगावर असते (निर्गम २२:२५-२७). धान्य दळायचे जाते गहाण घेऊ नये; तारण आणण्यासाठी ऋणकोच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे (अनुवाद २४:६, १०-११). कर्जदाराचे पोट आणि त्याचा उंबरठा या दोहोंची अब्रू परमेश्वराने राखली आहे. दर सातव्या वर्षी कर्जमाफी (अनुवाद १५) आणि पन्नासाव्या, म्हणजे ज्युबिली वर्षी, गेलेली जमीन मूळ कुटुंबाला परत (लेवीय २५), अशीही आज्ञा होती.

ऋणकोचे कर्तव्य

याचा अर्थ कर्ज बुडवण्यास मोकळीक आहे, असा नव्हे. घेतलेले परत न करणाऱ्याला स्तोत्रकर्ता दुर्जन म्हणतो (स्तोत्र ३७:२१). कॅथॉलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथानुसारही कर्जफेड ही न्यायाचीच बाब आहे (क्र. २४११). बेन सिराचा ग्रंथ तर आपल्या वाडीत बसूनच लिहिला असावा, असे वाटते! पैसे मिळेपर्यंत हात जोडणारा माणूस परतफेडीच्या वेळी सबबी सांगतो, हे त्याने अचूक टिपले आहे. जामीन राहणाऱ्याचे उपकार विसरू नयेत आणि आपल्या ऐपतीबाहेर कुणाला जामीन राहू नये, असा दुहेरी सल्ला तो देतो (अध्याय २९). उसन्या पैशाने मेजवान्या देऊन भिकेला लागू नये, हा त्याचा इशारा (१८:३३) प्रत्येक लग्नघराने ध्यानी घ्यावा असा आहे.

ख्रिस्तसभेची वाटचाल

११७९ साली तिसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने उघड व्याजखोरी करणाऱ्यांना ख्रिस्तशरीर व ख्रिस्ती दफनविधी नाकारला. परंतु केवळ निषेधाने गरिबाची नड भागत नाही. १४६२ साली इटलीतील पेरुजा येथे फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या प्रयत्नांतून गरिबांसाठी तारणावर कर्ज देणारी संस्था उभी राहिली. अशा संस्थांनी कारभाराच्या खर्चापुरता माफक आकार घेण्यास १५१५ साली पाचव्या लॅटरन परिषदेने मान्यता दिली. पुढे व्यापार-उद्योगासाठी कर्जाचे व्यवहार वाढले, तसा ख्रिस्तसभेने रास्त मोबदला आणि नडलेल्याची लूट यांत भेद केला. लुटीविषयीची तिची भूमिका मात्र आजही कठोर आहे. व्याजखोरीने लोकांना उपासमार व मृत्यूकडे लोटणारे अप्रत्यक्षपणे मनुष्यहत्याच करतात, असे धर्मशिक्षणाचा ग्रंथ सांगतो (क्र. २२६९).

हाच वारसा आपल्या वसईतही आहे. सावकारी पाशातून लोकांना सोडवण्यासाठी १९१८ साली फादर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था स्थापन झाली. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक.

व्याजाचा हिशेब

‘शेकडा पाच’ हे शब्द ऐकायला हलके वाटतात. पण सावकाराचा हा दर महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाला साठ टक्के. पन्नास हजारांवर दरमहा २,५०० रुपये व्याज होते. वीस महिन्यांत पन्नास हजार रुपये देऊनही मुद्दल जसेच्या तसे राहते! दुसरा फसवा प्रकार ‘सरळ दहा टक्के’ दराचा. एक लाख रुपयांवर तीन वर्षांचे तीस हजार व्याज धरून हप्ते बांधले, तर खरा वार्षिक दर अठरा टक्क्यांच्या आसपास जातो. कारण मुद्दल दरमहा कमी होत असूनही व्याज मात्र पूर्ण लाखावर आकारलेले असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जासाठी बँका व वित्तसंस्थांनी सर्व खर्च धरून वार्षिक दर दाखवणारे पत्रक ग्राहकाला देणे बंधनकारक आहे. सहीपूर्वी ते वाचावे.

महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे. सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन पंधरा वर्षे मागे जाऊनही परत मिळवण्याची तरतूद त्यात आहे. तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते.

आपण काय करावे?

कर्ज घेण्यापूर्वी पती-पत्नींनी एकत्र बसावे आणि स्वतःला विचारावे: ही गरज आहे की लोकलज्जा? हप्ता कोणत्या उत्पन्नातून जाणार? घरात कुणापासून हे लपवावे लागत आहे काय? जे लपवावे लागते, ते बहुधा टाळण्याजोगे असते. हप्ते थकलेच, तर तोंड न चुकवता बँकेत जाऊन मुदत वाढवून मागावी. जुने कर्ज फेडण्यासाठी नवे महागडे कर्ज काढू नये.

आपली सामूहिक जबाबदारीही मोठी आहे. साधेपणाने लग्न करणाऱ्या कुटुंबाला आपण नावे ठेवली, तर पुढच्या घराला सावकाराकडे आपणच ढकलत असतो. लघु ख्रिस्ती समूहांत कर्जबाजारी कुटुंबाला न लाजता बोलता आले पाहिजे. हिशेब जाणणाऱ्यांनी हिशेब समजावून द्यावा, कायदा जाणणाऱ्यांनी कागदपत्रे वाचून द्यावीत आणि ज्यांच्याकडे आहे त्यांनी बिनव्याजी हात द्यावा.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण क्षमा मागतो. मत्तयच्या शुभवर्तमानात (६:१२) तेथे जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ ‘ऋण’ असा आहे. दहा हजार तालांताचे कर्ज माफ झालेल्या चाकराने शंभर दिनारांसाठी, म्हणजे सुमारे शंभर दिवसांच्या मजुरीसाठी, सोबत्याचा गळा धरला (मत्तय १८:२३-३५). आपण सारेच परमेश्वराचे ऋणी आहोत. हे स्मरणात ठेवून घेणाऱ्याने प्रामाणिकपणे फेडावे, देणाऱ्याने दयेने वागावे आणि उद्या कुणी रिकामे भांडे मागण्यास दारी आले, तर आपले दार उघडे असावे.