मैदानावरचा निकाल आणि दप्तरातली सनद

1 जानेवारी 2018 रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर विदर्भाने दिल्लीला नऊ गडी राखून नमविले आणि रणजी करंडक प्रथमच वैदर्भीयांच्या हाती आला. त्या सामन्याच्या पहिल्या डावात रजनीश गुरबानीने लागोपाठच्या तीन चेंडूंवर तिघांचा त्रिफळा उडविला, त्यांत 145 धावा करून ठाण मांडलेला ध्रुव शोरीही होता. आणि रणजीच्या अंतिम सामन्यात असा त्रिक्रम त्यापूर्वी केवळ एकदा, 1972-73 साली, तमिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांनी साधला होता. पुढे अक्षय वाडकरने आपले पहिले प्रथमश्रेणी शतक याच सामन्यात ठोकले. 1957-58 पासून या स्पर्धेत खेळत आलेल्या आणि कित्येक वर्षे दुय्यम गणल्या गेलेल्या संघाने आपली पायरी स्वतःच्या कर्तृत्वाने बदलली होती, आणि यवतमाळ, पुसद, वणी येथील क्रिकेटप्रेमींच्या दृष्टीने हीच त्या विजयातील सर्वांत मोलाची गोष्ट होती.

वरच्या श्रेणीत कोणी खेळावे हे ठरविण्याच्या दोन रीती जगात प्रचलित आहेत. एका रीतीत हंगामाच्या अखेरीस गुणतक्ता पाहून तळाचा संघ खाली जातो व खालच्या श्रेणीतील अव्वल संघ त्याची जागा घेतो. दुसरीत संयोजक संस्था अर्जदार संघाचा जमाखर्च, मैदान, प्रेक्षकवर्ग, युवक संघ यांची तपासणी करून मुक्रर मुदतीची सनद बहाल करते, आणि ती मुदत सरेपर्यंत संघ कितीही हरला तरी त्याचे स्थान अबाधित राहते. पहिली बढती-घसरणीची पद्धत, दुसरी परवान्याची.

रणजी स्पर्धेत 2002-03 पासून एलिट व प्लेट असे श्रेष्ठ-कनिष्ठ गट पडले, आणि विदर्भ बराच काळ प्लेटमध्ये राहिला. परंतु कनिष्ठ गटाचे दार वरच्या बाजूस उघडे होते. राजस्थानने 2010-11 मध्ये प्लेटमधून येऊन थेट करंडक जिंकला. महाराष्ट्र 2013-14 मध्ये शेवटच्या ‘क’ गटातून निघून अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. गोवा 2023-24 च्या हंगामानंतर प्लेटमध्ये घसरला आणि पुढच्याच वर्षी तो गट जिंकून परतला. यात एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. रणजीत तळाला गेलेला संघ गट गमावतो, पण स्पर्धेतील जागा गमावीत नाही, कारण ती जागा प्रादेशिक संघटनेच्या क्रिकेट मंडळातील सदस्यत्वाशी निगडित आहे. ‘एक राज्य, एक मत’ या तत्त्वामुळे विदर्भाचे पूर्ण सदस्यत्व 2016 साली धोक्यात आले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने 9 ऑगस्ट 2018 रोजी पुन्हा बहाल केले. जामठ्याचे भव्य मैदान किंवा नागपूरची निवासी अकादमी यांसारखी, ज्यांचे फळ दहा वर्षांनी मिळावयाचे अशी कामे संघटनेला हाती घेता आली, ती स्पर्धेतील जागेच्या या स्थैर्यामुळेच. आणि त्या स्थैर्यात सुस्ती शिरली नाही, ती वरच्या गटाच्या आकांक्षेमुळे, असे माझे स्पष्ट मत आहे. 2018-19 आणि 2024-25 चे करंडकही त्याच मशागतीचे पीक होत.

निखळ परवाना-पद्धतीचे उदाहरण म्हणजे 2008 साली सुरू झालेली आयपीएल. तेथे संघाचे वतन लिलावात विकत घ्यावे लागते, आणि ते जाते तेही दप्तरातल्या कारणाने. 2009 चे विजेते डेक्कन चार्जर्स 2012 साली बाद झाले ते पराभवामुळे नव्हे. आणि सहारा समूहाने 37 कोटी डॉलरला घेतलेल्या पुणे वॉरियर्सचा करार 2013 साली रद्द झाला तो बँकेची हमी रुजू न केल्यामुळे.

या दोन पद्धतींतील झगडा सर्वाधिक तीव्रतेने चालला आहे तो उत्तर इंग्लंडच्या रग्बी लीगमध्ये. खाणीतल्या व गिरण्यांतल्या मजुरांना सामन्यासाठी बुडालेल्या रोजाची भरपाई मिळावी, या मागणीवरून 1895 साली हडर्सफील्ड येथे बावीस क्लब मूळ रग्बी संघटनेतून फुटले आणि हा खेळ जन्मास आला. तेथील सर्वोच्च श्रेणी असलेल्या सुपर लीगने 2009 ते 2014 तीन-तीन वर्षांच्या सनदा देऊन पाहिल्या. परंतु वेल्समधील क्रुसेडर्सना सनद निभावली नाही, ब्रॅडफर्डसारखा नामांकित क्लब दिवाळखोरीच्या कडेला गेला, आणि 2015 पासून बढती-घसरण पुन्हा आली. आता 2025 च्या हंगामापासून वीस गुणांची प्रतवारी लागू आहे: प्रेक्षकवर्गाला पाच, खेळातील कामगिरीला पाच, अर्थव्यवहाराला साडेचार, मैदानाला तीन, आणि परिसराची लोकसंख्या व समाजकार्य यांना अडीच. म्हणजे मैदानावरील पराक्रमाचे मोल एकूण गुणांच्या एक-चतुर्थांश!

या प्रतवारीचा चटका लंडन ब्रॉन्कोसला बसला. ऑक्टोबर 2023 मध्ये त्यांनी तुलूझच्या संघाला त्याच्याच मैदानावर 18-14 असे हरवून सुपर लीगमध्ये प्रवेश मिळविला, आणि त्याच महिन्यात जाहीर झालेल्या तात्पुरत्या प्रतवारीत त्यांचा क्रमांक चोविसावा लागला. पुढचा संपूर्ण हंगाम ते खेळाडू आपले स्थान जवळजवळ गेलेच आहे हे जाणून खेळले. ज्याने जिंकून जागा मिळविली त्याला खेळावयास उतरण्यापूर्वीच बेदखलीची नोटीस मिळावी, हे मला अन्यायाचे वाटते.

आपल्याकडे गोव्याच्या फुटबॉलने हेच दुःख सोसले आहे. चर्चिल ब्रदर्स हा 2008-09 व 2012-13 चा आय-लीग या राष्ट्रीय लीगचा विजेता संघ परवान्याच्या अटी न पुरविल्यामुळे 2014 साली लीगबाहेर राहिला. आणि 2016 साली, घसरणीचा नियम नसलेल्या इंडियन सुपर लीगला शिरोभागी बसविण्याची योजना पुढे आली तेव्हा, धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग या तीन जुन्या गोमंतकीय क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. आय-लीग जिंकून वर जाण्याची वाट पंजाबच्या संघाला 2023 साली प्रथम मिळाली खरी, तथापि त्या वेळीही वरून खाली येण्याचा नियम नव्हता.

परवान्याची तपासणी निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. खेळाडूंचे वेतन थकविणारा किंवा सुरक्षित मैदान नसलेला संघ वरच्या श्रेणीत असू नये. परंतु त्या अटी प्रवेशापुरत्या असाव्यात, आणि त्या पुरविणाऱ्यांत क्रम कोणाचा हे खेळाने ठरावे. लोकसंख्या व उत्पन्न यांवर गुण मोजले तर यवतमाळसारख्या जिल्ह्याचा संघ मुंबई-पुण्यापुढे सदैव उणाच भरेल. 2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत 2017 पासून बारा संघ आहेत, पण गावोगावच्या मंडळांतून वर येणाऱ्या तेराव्या संघाला जिंकून आत शिरण्याची वाट नाही. कबड्डीच्या धुरीणांनी खालची श्रेणी उभारून ती वाट मोकळी करावी, अशी माझी त्यांना आग्रहाची विनंती आहे.