भृंगराज नकला का करतो?

भृंगराज म्हटलं की बहुतेकांना माक्याचं तेल आठवतं. पण याच नावाचा एक पक्षी सह्याद्री आणि विदर्भाच्या जंगलांत राहतो. शेतात गुरांच्या पाठीवर बसणाऱ्या कोतवालाचा हा रानातला भाऊबंद. निळसर झाक असलेली चकचकीत काळी पिसं, डोक्यावर मागे वळलेला तुरा आणि शेपटीची दोन लांब, तारेसारखी पिसं. त्यांच्या टोकांना पिळलेली पाती असतात. तो उडाला की दोन भुंगे मागे लागल्यासारखं वाटतं. भारतापासून जावा-बोर्निओपर्यंत तो आढळतो.

त्याची खरी ख्याती आहे ती नकलांसाठी. इतर पक्ष्यांचे आवाज तो हुबेहूब काढतो. हा नुसता खेळ नाही, असं श्रीलंकेतल्या सिंहराज वर्षावनातल्या अभ्यासातून दिसतं. एबेन गुडेल आणि शरत कोटगमा यांनी तो 2006 मध्ये प्रसिद्ध केला. तेव्हा तिथले पक्षी भृंगराजाच्याच जातीत मोडत. आता अनेक तज्ज्ञ त्यांना वेगळी जात मानतात.

जंगलात अनेक जातींचे पक्षी एकत्र थव्याने किडे शोधतात. त्यांच्या हालचालीने उडालेले किडे भृंगराज हवेतल्या हवेत टिपतो. म्हणजे थवा जमणं त्याच्या फायद्याचं. संशोधकांनी ध्वनिमुद्रणं ऐकवली, तेव्हा भृंगराजाच्या नुसत्या स्वतःच्या आवाजापेक्षा नकला मिसळलेल्या आवाजाकडे इतर पक्षी जास्त आले. शिवाय तो प्रसंग पाहून नक्कल निवडतो, असंही आढळलं. धोका असेल तर इतरांच्या इशाऱ्याचे आवाज, एरवी त्यांची गाणी आणि साद. त्याच्या इशाऱ्याने इतर पक्षीही सावध होतात. थव्याला पहारेकरी मिळतो आणि पहारेकऱ्याला जेवण.

याच नकलांपायी पूर्वी त्याला पिंजऱ्यात ठेवत. आज वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणं आणि पाळणं गुन्हा आहे. पण कायद्याने फक्त पक्षी वाचतो. त्याच्या बोलीला अर्थ येतो तो ऐकणाऱ्या थव्यामुळे, आणि थव्याला लागतं सलग, दाट रान. रानाचे तुकडे पडत गेले, तर भृंगराज हाक मारेल, पण ओ द्यायला कोण उरेल?